सही मिळणार नाही

आधी मोबाइल खाली ठेव आणि मध्ये बोलू नकोस. तुझा टाइप केलेला कागद माझ्यासमोर आहे. ‘खालील सात झाडे धोकादायक असून जीवित व वित्तहानी टाळण्यासाठी ती तातडीने तोडणे आवश्यक आहे’ असं त्यावर लिहिलंय आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली आहेस. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंची सही असली की अर्जाला वजन येईल, असा तुझा हिशेब. सही मिळणार नाही. का मिळणार नाही ते तुला आज पूर्ण ऐकून घ्यावं लागेल. तुझ्यासारखे प्लॉटवाले आता महाबळेश्वर-पाचगणीपासून लोणावळ्यापर्यंत प्रत्येक उतारावर झालेत आणि प्रत्येकाच्या खिशात असाच एक कागद असतो.

मी तुझा प्लॉट पाहून आले. तू गच्चीवर उभा राहून हात करून दाखवत होतास, मी मात्र खाली उतरून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी गेले. तुझ्या यादीत तीन जांभळं आहेत, एक हिरडा, एक आंबा आणि दोन सिल्व्हर ओक. सातही झाडांवर लाल रंगाचे पट्टे मारून घेतलेस. तिन्ही जांभळं निरोगी आहेत. त्यांचा एकच अपराध, की ती तुझ्या गच्चीच्या आणि दरीच्या मध्ये उभी आहेत. आंबा थोडा कलला आहे. हिरड्याला ढोली आहे. दोन ओकांपैकी एकाच्या दोन फांद्या वाळल्या आहेत, त्या उतरवल्या की काम संपलं. या सातांत एकही झाड आज तोडायच्या लायकीचं नाही.

आणि जे आहे, ते तुझ्या यादीतच नाही.

तुझ्या फाटकातून आत येणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला जो उंच सिल्व्हर ओक उभा आहे, तो तू कधी नीट पाहिलास का? गेल्या उन्हाळ्यात तू जेसीबी लावून तो रस्ता काढलास. डोंगर आडवा कापलास आणि त्या कापात ओकची खालच्या बाजूची मुळं सपासप तोडलीस. त्यांची तुटकी टोकं अजून मातीबाहेर लोंबताहेत. झाडाच्या वरच्या बाजूला जमिनीला लांबलचक भेग पडली आहे, माझी बोटं आत गेली. याचा अर्थ मुळांसकट मातीचा आख्खा गड्डा उचलला जाऊ लागला आहे आणि झाड खाली झुकू लागलं आहे. बुंध्याशी कडक, फळीसारखी बुरशी आली आहे, म्हणजे आतलं लाकूड सडतंय. आणि त्याच्या बरोबर खाली, रस्त्याच्या पलीकडे, तुझ्या वॉचमनची पत्र्याची खोली आहे. तिथे त्याची दोन मुलं झोपतात.

ते झाड तुझ्या यादीत का नाही, हे मी तुला विचारणार नाही. उत्तर आपल्या दोघांनाही माहीत आहे. ते तुझ्या नजरेआड उभं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं यालाच म्हणतात, आणि इथे तर चोरही तूच तयार केलास. जेसीबी येण्याआधी तो ओक धडधाकट होता.

अरे, धोकादायक झाड म्हणजे काय, हे मी तुम्हाला वर्गात शिकवलं होतं. झाडात दोष असणं एवढ्यानं धोका होत नाही. झाड मोडण्याची शक्यता किती आणि ते मोडलं तर त्याखाली कोण सापडेल, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या असतात. दरीत कोणाच्या वाटेत नसलेलं वठलेलं झाड उभं असेल तर ते उभं राहू द्यावं. त्यात सुतार पक्षी ढोल्या कोरतात, धनेश घरटं करतो. तुझ्या जांभळांवर शेकरूची घरटी आहेत, मी वर पाहिलं म्हणून दिसली. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि एका फांदीवरून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर जाता आलं तरच तो जगतो. मधली तीन झाडं काढलीस की त्याची वाट तुटली.

आता हिरड्याची ढोली. ढोली दिसली की घाबरायचं आणि कटरवाल्याला फोन करायचा, एवढंच तुम्हाला येतं. खोड हे पोकळ नळीसारखं उभं राहू शकतं. बाहेरचं निरोगी कवच खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाड असेल आणि ते सगळीकडून सलग असेल, तर झाड पुष्कळ काळ टिकतं. लाकडी हातोडीनं खोडाभोवती ठोकत जायचं, भरीव आणि पोकळ आवाज कान ओळखतो. शंका उरली तर जाणकाराकडून भोक पाडून मोजून घ्यायचं. मी ठोकून पाहिलं. तुझ्या हिरड्याचं कवच जाड आहे आणि त्याखाली ना वाट आहे, ना घर, ना बाक.

आंब्याच्या कलण्याचंही तसंच. खोड बुंध्याशी वाकडं आणि वर पुन्हा सरळ आकाशाकडे गेलेलं असेल, तर झाडानं तो कल कित्येक वर्षांपूर्वी ओळखून स्वतःला सावरलं आहे. खोड सरळसोट आहे, पण आख्खंच तिरकं झालंय आणि मागच्या बाजूला माती फाटली आहे, तर ते कालपरवा हललं आहे. त्याची भीती बाळगायची. आणि एकाच उतारावरची बरीच झाडं बुंध्याशी सारख्याच बाजूला वाकलेली दिसली, तर झाडांकडे बघणं सोड. तिथे वरची माती हळूहळू खाली सरकत असण्याची शक्यता असते. अशा ठिकाणी करवत चालवण्याआधी भूवैज्ञानिकाला बोलवायचं असतं. तुझ्या प्लॉटच्या दक्षिण टोकाला, कुंपणाजवळ, मला तशी झाडं दिसली. तिथे तू पोहण्याचा तलाव आखला आहेस म्हणे. विचार कर.

तुम्हा लोकांना झाड दिसतं, त्याच्याखालचा डोंगर दिसत नाही. मला राग त्याचा आहे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २२ जुलै २०२१ ला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. त्याच दिवशी आंबेनळी घाट जागोजागी खचला, पलीकडे महाड तालुक्यात तळिये डोंगराखाली गेलं, आणि आपल्याच साताऱ्यात पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावात माणसं गाडली गेली. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं होतं. या आपल्या डोंगरावर वर जांभा, त्याखाली कुजलेला खडक आणि त्याखाली घट्ट काळा कातळ. पाणी वरच्या सच्छिद्र थरातून झिरपत जातं, कातळाशी अडतं आणि तिथे वरची माती सुटी होते. त्या वरच्या मीटर-दोन मीटरच्या थराला जर कोणी धरून ठेवत असेल, तर ती मुळं.

झाड तोडलं की मुळं लगेच मरत नाहीत. म्हणून पहिल्या पावसाळ्यात काही होत नाही आणि तुझ्यासारखा माणूस म्हणतो, बघा, तोडली तरी डोंगर जागच्या जागी आहे. मुळं आत सावकाश कुजतात. साधारण तीन ते दहा वर्षांच्या काळात जुनी मुळं ताकद गमावतात आणि नव्या झाडांची मुळं अजून पुरेशी खोल गेलेली नसतात. तो काळ सगळ्यात वाईट. तोवर तू कदाचित बंगला विकून मोकळा झालेला असशील. दरड मात्र जे तेव्हा तिथे राहत असतील त्यांच्यावर येईल.

मुळं सगळं वाचवतात असंही मी म्हणत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. खोलवरून सरकणाऱ्या डोंगराला मुळं थांबवू शकत नाहीत, कारण ती तिथवर पोचतच नाहीत. पण उथळ घसरणी, नाल्याकाठची धूप, रस्त्याच्या कापातून सुटणारी माती हे सगळं मुळांच्या हातात असतं, आणि तुझ्या प्लॉटवर मला नेमकं हेच घडताना दिसलं.

त्यात तुझं छप्पर. दोनशे चौरस मीटर असेल. ५९४ मिलिमीटरच्या एका दिवसात त्या छपरावरून एक लाख अठरा हजार लिटरहून जास्त पाणी उतरतं. पन्हाळीचा पाइप तू कुठे सोडला आहेस? थेट उतारावर, त्या ओकच्या वरच्या भेगेच्या दिशेनं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! झाडं तोडायला निघालास आणि पाणी डोंगराच्या पोटात सोडतोस. तो पाइप आधी दगडी गटारातून नैसर्गिक ओढ्यापर्यंत ने. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त गवंडी लागतो.

आता त्या आठव्या झाडाबद्दल. ते काढावंच लागेल, आणि त्यासाठी मी स्वतः लिहून देईन. पण तू ते ज्या माणसाकडून काढून घ्यायला निघाला आहेस, त्याला मी भेटले. त्यानं मला दाखवलं ते असं: एक पोरगा कमरेला नायलॉनची दोरी बांधून वर चढेल, एका हातानं फांदी धरेल, दुसऱ्या हातानं कटर चालवेल. डोक्यावर हेल्मेट नाही, पायात चप्पल. मग बुंध्याला एक घाव घालून झाड ‘दरीकडे सोडून देऊ’. दरीकडे म्हणजे कुठे, असं मी त्याला विचारलं. त्यानं खांदे उडवले. दरीकडे तुझ्या वॉचमनची खोली आहे, तिच्याखाली वाडीची पाण्याची टाकी आहे, आणि तिच्याखाली वाडी.

तू ठेका दिला आहेस म्हणून तुझी जबाबदारी संपली असं समजू नकोस. तो पोरगा पडला तर त्याच्या आईसमोर तुलाच उभं राहावं लागेल.

उतारावरचं झाड सपाटीवरच्यासारखं पाडता येत नाही. खालच्या दिशेला पाडलं तर ते जमिनीला टेकायच्या आधी जास्त अंतर कोसळतं, जास्त जोरानं आदळतं, फुटतं आणि मग घसरत जातं. वरच्या दिशेला पाडलं तर शेंडा उताराला अडतो आणि बुंधा मागे उसळून करवतवाल्याच्या अंगावर येऊ शकतो. जागा असेल तर झाड उताराला आडवं, म्हणजे समपातळीच्या रेषेत पाडतात, आणि ते गडगडू नये म्हणून आधीच खाली खुंट ठोकून किंवा दोरानं बांधून ठेवतात. पडायच्या बाजूला आधी पाचरीसारखी खाच घ्यायची, खोडाच्या जाडीच्या पाव भागापर्यंत. मग मागून काप आणायचा, पण आरपार नाही. मध्ये जाडीच्या एक दशांशाएवढी लाकडाची पट्टी बिजागरीसारखी राखायची, कारण झाड कुठे पडणार हे ती पट्टी ठरवते. ती कापून टाकली की झाड कोणाचंच ऐकत नाही. खाच न घेता कललेल्या झाडाला मागून काप घातला, तर खोड उभं चिरत वर जातं आणि त्याचा अर्धा भाग माणसाच्या तोंडावर येतो. पळायची वाट आधी साफ करून ठेवायची, पडण्याच्या दिशेच्या उलट पण तिरकी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको, आणि खालच्या बाजूला तर कोणीच नको, कितीही लांब असला तरी. एकाच्या वर एक अशी दोन माणसं उतारावर कधीही काम करत नाहीत.

हे सगळं तुझ्या त्या ओकला लागू पडत नाही, कारण त्याला पाडायला जागाच नाही. ते झाड वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवावं लागेल. आणि ज्या झाडाची मुळं सुटली आहेत, बुंधा सडला आहे, त्यावर माणूस चढवणं हा गुन्हा आहे. झटक्यानं भार पडला की आख्खं झाड माणसासकट जाईल. शेजारच्या भक्कम झाडावर दोर घेऊन, नाहीतर रस्त्यावर क्रेन किंवा माणूस उचलणारी गाडी उभी राहत असेल तर तिच्यातून, एकेक फांदी बांधून, बुंध्याला दोराचे वेढे देऊन हळूहळू खाली सोडायची. रस्त्याची कड क्रेनचा भार पेलेल का, हे आधी तपासायचं, कारण ती कड तूच कापून कच्ची केली आहेस. पैसे जास्त लागतील. ते तू गच्चीवरच्या काचेच्या कठड्याला दिलेस, इथेही दे. काम चालू असेपर्यंत वॉचमनच्या कुटुंबाला तुझ्या बंगल्यात झोपायला जागा दे. आजपासून दे, काम सुरू व्हायची वाट पाहू नकोस.

झाड उतरलं की आणखी एक मोह होईल. ‘बुंधाही उपटून टाका’ म्हणशील, जागा स्वच्छ दिसावी म्हणून. त्याला हात लावायचा नाही. खोड गुडघाभर ठेव, जेसीबी लावून मुळं उपटू नकोस, त्यावर ॲसिड ओतू नकोस. सिल्व्हर ओकला धुमारे फारसे येत नाहीत, म्हणून त्याची मुळं कुजण्याआधी तिथे दुसरी मुळं यायला हवीत. वाळा लाव, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. कारवी, धायटी, करवंद लाव. हीच झुडपं आपल्या उतारांवर पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. मध्ये जांभूळ आणि ऐन लाव. ही झाडं पुढेमागे छाटावी लागली तरी खोडातून पुन्हा फुटतात आणि खालची मुळं जिवंत राहतात. तोडलेल्या फांद्या जाळू नकोस, उताराला आडव्या रचून खुंट्यांनी अडवून ठेव. पहिल्या पावसात माती तिथे थांबेल.

कायद्याचं तू मला सांगू नकोस, मी सांगते. महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, जांभूळ, हिरडा ही तिन्ही झाडं आहेत, म्हणजे तुझ्या सातांपैकी पाच. नागरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून त्यात संरक्षण मिळालं. त्यावर महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे खासगी जमिनीतलं झाडही पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही. माझी सही परवानगी नव्हे. निर्णय अधिकाऱ्यानं जागेवर येऊन घ्यायचा असतो, आणि खोटा अर्ज देऊन त्याला फसवणं हे माझ्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

मला माहीत आहे, तू म्हणशील की अर्ज करून परवानगी यायला वेळ लागतो. लागतोच. तुम्ही सगळे मे महिन्याच्या अखेरीला जागे होता, ढग दिसू लागले की. मग वेळ नाही म्हणून नियम मोडायचे आणि घाईत पाच धडधाकट झाडं जातात, सडलेलं एक राहतं. झाडं पाहायची वेळ पावसाळा संपता संपता असते. तेव्हा माती ओली असते, भेगा दिसतात, बुरशी दिसते, पाणी कुठून वाहिलं ते दिसतं. दिवाळीपर्यंत अर्ज गेला पाहिजे आणि काम हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत झालं पाहिजे. त्या ओकपुरती मात्र तुझ्याजवळ तेवढी सवड नाही. तो अर्ज उद्याच दे, फोटो लाव, भेगेची लांबी मोजून लिही, खाली माणसं राहतात हे पहिल्या ओळीत लिही.

तुझ्यासारख्या इतरांनाही हेच सांगणं आहे. उतारावर घर बांधलंत तर तुमच्या वरच्या आणि खालच्या माणसांशी तुमचा संबंध जोडला जातो, तुम्हाला हवा असो वा नसो. तुमच्या कुंपणातून सुटलेलं लाकूड, दगड, पाणी कुठे जातं हे पाहायला एकदा पायी खाली उतरा. वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, पाणी पूर्वी कुठून यायचं, कुठली जमीन दरवर्षी फाटते, कुठलं झाड कधी पडलं. ते तुम्हाला फुकट आणि अचूक सांगतील. झाड तोडायच्या आदल्या दिवशी त्यांना वेळ कळवा, खालची वाट बंद करा, दोन्ही टोकांना माणूस उभा करा.

आता ऊठ. लाल पट्टे पुसायला तारेचा ब्रश घेऊ नकोस, जांभळाची साल सोलवटेल. ते तसेच राहू देत. आधी वॉचमनकडे जा आणि आज रात्रीपासून त्याला, त्याच्या बायकोला आणि मुलांना त्या खोलीतून हलव.